मागच्या टोकाची खोली

रोडपाली, १० नोव्हेंबर १९९६

दादूस,

तुझं पाकीट पोचलं. पनवेलला, आशालताबाईंच्या ऑफिसात. घरचा पत्ता घातला नाहीस ते बरं केलंस. घरी आलं असतं तर बापूसने मागच्या खेपेसारखं न फोडता पोस्टमनच्या हातात परत दिलं असतं.

बाई अजून मला त्यांच्या सहलीच्या बसबरोबर नेतात. अष्टविनायक, कोल्हापूर, गणपतीपुळे. अख्ख्या बसचा भात आता मी एकटी उतरवते. तू म्हणायचास ना, नववी सोडलीस तर भांडी घासशील. घासते. पण रोज वेगळ्या गावच्या पाण्याने घासते.

बाईंनी पाकीट फोडलं नाही, पण असं उलटंसुलटं केलं की शेवटी मला त्यांच्यासमोरच फोडावं लागलं. आत तुझ्या जहाजाची पुस्तिका, फोटोंसकट. दादूस, तू ह्याच्यावर राहतोस? आणि इतकी वर्षं पत्रात नुसतं "बोट मोठी आहे" एवढंच लिहितोस? अरे, मोठी तर घारापुरीची लाँच पण असते. हे म्हणजे कळंबोलीच्या सगळ्या बिल्डिंगी कोणीतरी उचलून एकावर एक रचल्या, पांढरा रंग दिला आणि सांगितलं, आता तरंगा.

आणि वर तळं! समुद्रात तळं. बाई म्हणाल्या, "स्विमिंग पूल गं तो." म्हटलं, कळतं मला. पण खाली एवढा समुद्र असताना वर पाणी वेगळं कशाला साठवायचं? मग आठवलं, आपण तरी काय करत होतो. खाडीचं पाणी आत घेऊन मिठागराच्या कोंड्यांत साठवतच होतो की.

हां, मुद्द्याचं. घरच्या माणसांना एकदा नेता येतं, फेब्रुवारीत जहाज मुंबईहून कोचीला निघणार, तीन खोल्या उरल्यात, त्यातली एक निवडून कळव, असं लिहिलंस. तिन्हींना बाल्कनी. एक पुढची, एक मधली, एक अगदी मागच्या टोकाची. नकाशावर लाल पेनाने फुल्याही मारल्यास. तुझं मत मधली, कारण ती डोलत नाही. मागची नको म्हणतोस. खाली इंजिनाची धडधड, वरून धुराड्याची काजळी, आणि जेवायला एवढं लांब चालत यायचं.

मला विचारशील तर पुढची. पुढे काय येतंय ते बघायला मिळालं नाही तर जायचं कशाला?

शेवटी बारीक अक्षरात लिहिलंस, "बापूस आला तर फार बरं." ते मी दोनदा वाचलं. आई गेली तेव्हा तू भर समुद्रात होतास, तुझ्या हातात तार पडली तोवर तिचं तेरावं झालं होतं, हे त्याला सांगून सांगून माझी जीभ झिजली. त्याचं एकच पालुपद. "पोरगा जिता असून मडका भावकीनं धरला." त्यानंतर त्याने तुझं नाव घेतलेलं नाही. पण त्याला आणायचं कसं ते माझ्यावर सोड.

तुझी गोदू


पनवेल, २४ नोव्हेंबर

दादूस,

खोली अजून ठरली नाही. अख्खं पनवेल ठरवतंय, म्हणून ठरत नाही.

आशालताबाई म्हणतात, "मधलीच घे. पंचवीस वर्षं बस नेते मी. म्हाताऱ्यांना मधल्या सीट, नवीन लग्न झालेल्यांना पुढच्या. आणि मागच्या बाकावर कोण? तू आणि पातेली." ड्रायव्हर म्हणाला, मागे बसलं की पोटातलं डोक्यात येतं. चहावाला म्हणाला, जहाज बुडायला लागलं तर मागचा भाग शेवटी बुडतो, असं त्याने कुठे तरी ऐकलंय. ह्यांच्यातलं कोणी जहाजात बसलेलं नाही. सगळ्यांनी मिळून तुझं जहाज एसटी करून टाकलंय.

आता नकाशाची गंमत. नकाशा हरवला होता. मी घर पालथं घातलं. कणगीमागे बघितलं, देवांच्या फोटोंमागे बघितलं. शेवटी बापूसची गोधडी उन्हात टाकायला उचलली तर खाली नकाशा. नीट घडी घालून.

"बा, हा इथं कसा?"

"तूच सांग. आता कुनाचा मिठागर घेतात?"

मला काहीच कळेना. मग त्याने नकाशा उघडून दाखवला. बारीक बारीक चौकोन ओळीने, मधून जायची वाट, प्रत्येक चौकोनात आकडा, आणि तिन्हींवर तांबड्या फुल्या. तुला आठवतं ना, आपलं मिठागर भरावात जायच्या आधी ओटीवर असाच कागद पसरला होता, आणि आपल्या कोंड्यांवर अशाच फुल्या होत्या? बापूसला वाटलं, आता आणखी कुणाचं तरी जातंय. आणि मी, त्याची मुलगी, पनवेलहून तो कागद घेऊन आलेय.

"म्हनून लपवला," तो म्हणाला. "कागदच नाय तर घेतील कसा?"

दादूस, मला हसू पण आलं आणि मी त्याच्या शेजारी बसले पण. म्हटलं, बा, हे मिठागर नाही, जहाज आहे. ह्या खोल्या आहेत. माणसं झोपतात ह्यात.

"जहाजात कोंड्या?" तो इतका हसला की ठसका लागला. मग पाणी पिऊन झाल्यावर एकदम गंभीर होऊन विचारतो, "मंग पानी कुठून घेतात आत?"

संध्याकाळी मी त्याला त्या फोटोतली लांबी समजावली. पुस्तिकेत फूट दिलेत, त्यांची पावलं मी बाईंकडून करून घेतली होती. आपल्या ओटीपासून थेट बांधावरच्या उघाडीपर्यंत, जिथून आपण भरतीचं पाणी आत घ्यायचो, तेवढं एक जहाज. तो बांधावर उभा राहून एकदा घराकडे बघे, एकदा उघाडीकडे. "एवढा लांब," म्हणाला, "आनि तरंगतो." किती तरी वेळ तेच. "आनि तरंगतो."

मी पण बघत बसले. पाच पैशाचं नाणं बुडतं आणि हे तरंगतं. सांग बघू का? तुला तरी माहीत आहे का?

गोदू


गणपतीपुळे, ३ डिसेंबर

दादूस,

कार्डावर जागा कमी आहे, आणि मी एक बाई भेटल्या त्यांचं सांगणार होते, ज्या स्वतःचा स्टोव्ह घेऊन सहलीला आल्यात, पण ते राहू दे. कोल्हापूरहून येताना मागच्या बाकावर पातेल्यांना पाय लावून बसले होते. मागच्या काचेतून बघत होते. आंबा घाट उतरलो तो सगळा मागे उलगडत गेला. पुढे बसलेल्यांना एका वेळी एकच वळण दिसत होतं, मला सगळी दिसत होती, एकात एक. इतकी वर्षं मी त्या बाकावर बसते आणि बडबडत असते. तरी पण मला पुढचीच हवी. समुद्र इथे हिरवा आहे. तुझा कसा असतो?

गोदू


रोडपाली, १५ डिसेंबर

दादूस,

खोली ठरली. मागची. माझ्यावर चिडू नकोस, मी निवडली नाही. बापूसने निवडली. म्हणजे तो यायला तयार आहे. थांब, उड्या मारू नकोस, पुढचं वाच.

ओटीवर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार चिंबोऱ्यांचे नांगे ठेवले (खडे होते की जवळ, पण त्याला नांगेच मिळाले). विचारलं, पुढं कुठला आणि मागं कुठला. मी दाखवलं. मग तो बोटाने एक एक खोली चालत गेला. पहिलीपासून, हळूहळू, जसा तो बांधावरून जायचा. शेवटच्या खोलीवर बोट थांबलं.

"ही."

"बा, ती मागची आहे. काजळी पडते. इंजिन वाजतं."

"शेवटच्या कोंडीतच मीठ पिकतं, गोदे. पहिल्या कोंडीत काय असतं? नुसता पानी."

हे तर मला पण माहीत आहे. पाणी एका कोंडीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, ऊन खात खात जातं आणि शेवटी पांढरं होतं. पण जहाजात काय पिकणार आहे? मी हटून बसले. म्हटलं, मला समोरचं बघायचंय. मागे बसून काय बघायचं, गेलेलं?

तो उठला. कोपऱ्यातला लांब दांड्याचा झाडू घेतला. "तू मीठ वढलाय कदी?"

"आई ओढू द्यायची नाही."

"मंग बग."

आणि ओटीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तो मीठ ओढत गेला. झाडू पुढे टाकायचा, अंगाकडे ओढायचा, एक पाऊल मागे. पुढे टाकायचा, ओढायचा, एक पाऊल मागे. पाठ फिरवून, मान न वळवता. दादूस, आपली ओटी केवढी उंच आहे तुला माहीत आहे. मी ओरडणार होते. ओटीच्या कडेला वीतभर जागा राहिली आणि तो थांबला. मागे बघितलंच नाही. जमीन त्याच्या टाचेला कळते!

आपल्या मिठागरात हे रोज चालायचं आणि मी कधी बघितलं नव्हतं. मी जग बघायला पुण्याला जाते, कोल्हापूरला जाते, आणि माझा बाप डोळे मागे नसताना मागे चालतो.

"पुढचा पायाला कलतो," तो म्हणाला. दमला होता. "डोल्यानं काय बगायचा? केलेला बगायचा. किती वढला, कसा पडला, कुठं राहिला. पुढं तोंड करून बसायची मना सवय नाय."

तेव्हा मागची ठेव.

हो, आणखी एक विचारत होता. जहाज सुटताना दोर कोण सोडतो, आणि कुठून? मी म्हटलं, मला काय माहीत, पुढून पण सोडत असतील आणि मागून पण. तर म्हणतो, "मागचा शेवटी सुटतो." आपल्या मिठाच्या मचव्याचं त्याच्या डोक्यात असेल. तू दोरांवरच कामाला आहेस ना, खरं काय ते कळव.

गोदू


रोडपाली, १९ जानेवारी १९९७

दादूस,

तुझं पत्र आलं. "माझं नाव ऐकून बापूस काय म्हणाला?" हे तू तीन ठिकाणी विचारलंयस. आता लपवून उपयोग नाही. मी त्याला तुझं नावच सांगितलं नव्हतं. बाईंची जहाजाची सहल आहे, मला स्वयंपाकाला नेतायत आणि सोबत घरचं एक माणूस चालतं, असं सांगून ठेवलं होतं. तुझं नाव काढलं असतं तर त्याने नकाशा चुलीत घातला असता असं मला वाटलं. आता वाटतं, वाटायला नको होतं.

तुझं पत्र वाचल्यावर मी ताट बाजूला सारलं. तू तिकडे आशेवर बसलेला, तो इकडे सहलीला निघालेला. काल तो अंगणात फाटलेलं जाळं विणत बसला होता. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. बा, ते जहाज दादूसचं आहे. आनंदाचं. त्यानेच बोलावलंय. नकाशावरच्या फुल्या पण त्याच्याच.

सुई थांबली. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने जाळं गुंडाळलं, खुंटीला लावलं आणि बांधाकडे गेला. जिथे आपल्या कोंड्या होत्या तिथे आता क्रिकेट खेळतात. तिकडे तोंड करून बसला होता, अंधार पडेपर्यंत.

आज पण बोललेला नाही. मी त्याची पिशवी भरून ठेवली होती. लेंगा, सदरा, कानटोपी. सकाळी बघितलं तर पिशवी रिकामी, कपडे परत दोरीवर. गंगाआत्याला बोलावलं. तिने भावाला चांगलंच सुनावलं. "आनंदाला काय पंख हायेत काय, समुद्रावरून उडून यायला? तूच त्याला पोहायला शिकवलास, तूच मचव्यावर नेलास, आता समुद्रावर गेला तर रुसतोस?" त्याने तिला चहा करून दिला. 

यादीतलं त्याचं नाव काढू नकोस अजून. मी एकटी आले तरी मागचीच खोली असू दे. पुढची मला आता नको.

गोदू


जहाजावरून, ११ फेब्रुवारी १९९७

दादूस,

तू माझ्यापासून किती लांब आहेस मला माहीत नाही, चार मजले असशील नाही तर पाच, पण तुला वर यायला परवानगी मिळेपर्यंत मला धीर धरवत नाही, म्हणून लिहिते. खोली आवरायला गोव्याचे एक काका येतात, सान्तान नावाचे. ते खाली तुला देतो म्हणालेत. आणि लिहायलाच हवं, कारण तू वर बघितलं नाहीस. वर काय झालं ते तुला माहीत नाही.

सकाळपासून सांगते. नाही, सकाळ राहू दे. एवढंच, की मी उठले तेव्हा बापूस अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओटीवर बसला होता. मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो उठून गेला असता. एसटीत त्याने खिडकी मला दिली.

बंदरात जहाजाखाली आलो. मी पुस्तिकेतले फोटो इतक्या वेळा बघितले होते, म्हटलं मला काय नवल वाटणार. दादूस, ते दिसतच नाही रे! भिंत दिसते. पांढरी भिंत, जिला शेवट नाही. बापूसने मान वर केली, आणखी वर केली, आणि त्याची टोपी मागे पडली. ती उचलायचं पण त्याला सुचलं नाही. एक साहेब उचलून देत होते तर त्यांना म्हणतो, "आनि तरंगतो." साहेब हसले. मी नाही हसले. माझं पण तोंड उघडंच होतं.

आतली वाट संपतच नव्हती. दारं, दारं, दारं. तो प्रत्येक दाराला हात लावत चालत होता, नकाशावर बोट चालवलं तसा. शेवटचं दार आमचं. आत गेलो, पलंगाकडे त्याने बघितलं पण नाही, सरळ काचेचं दार सरकवून बाल्कनीत.

खाली मागच्या बाजूला तुम्ही सगळे. नारिंगी कपडे, डोक्यावर टोप्या, मांडीएवढे जाड दोर. मी शोधत होते. सगळे सारखे. मला रडू यायला लागलं की आता ह्यात माझा भाऊ कोणता.

"तो," बापूस म्हणाला.

"कशावरून? तोंड तर दिसत नाही."

"चालतो बग."

तू दोर ओढत होतास. पुढे वाकायचास, ओढायचास, एक पाऊल मागे. वाकायचास, ओढायचास, एक पाऊल मागे. मान न वळवता. तुझ्या पाठीमागे लोखंडी भिंत होती. मी ओरडणारच होते. भिंतीला वीतभर जागा राहिली आणि तू थांबलास.

बापूसचे दोन्ही हात कठड्यावरून सुटून हवेत आले होते. त्याला माहीतही नव्हतं. तू ओढलंस की ते हात ओढत होते.

"मीठ वढतो अजून," तो म्हणाला.

मी म्हटलं, "बा, खरं सांग. तुला आधीपासून माहीत होतं?"

"गोदे, पातेली घासनाऱ्या पोरीला असल्या जहाजात कोन नेतो? पोरगाच नेल."

"मग मागची खोली..."

"मागचा दोर शेवटी सुटतो. तवा तो मागंच असनार. मधी बसून मना काय तो दिसला असता?"

"एवढं होतं तर मी नाव सांगितल्यावर बोललास का नाहीस? पिशवी का रिकामी केलीस? माझा जीव गेला ना!"

त्याने खाली बघितलं. तू दोर गोल गुंडाळून ठेवत होतास. मग म्हणाला, "तो मडक्याचा बोललो व्हतो ना. चार लोकांत बोललो. सांडलेला मीठ भरता येतो. ह्यो कसा भरू?"

मी त्याची टोपी नीट करून दिली, दादूस. पहिल्यांदाच असेल.

मग शेवटचा दोर सुटला. मला वाटलं धक्का बसेल, एसटीसारखा. काही नाही. नुसता बंदराचा धक्का मागे जायला लागला, माणसं लहान झाली, मग घरं, मग मुंबई. आणि आमच्या पायाखालून पांढरा रस्ता निघाला. फेसाचा. सरळ, रुंद, आपल्या हायवेपेक्षा रुंद, आणि आम्ही जाऊ तसा तो वाढत होता. मी इतके रस्ते बघितले, पण रस्ता जन्माला येताना कधी बघितला नव्हता. पुढे बसलेल्यांना हे दिसत नसणार. बिचारे.

आणि त्या सगळ्याच्या पाठीमागे, धुरकट, कर्नाळा किल्ल्याचा सुळका, तो अंगठा. खरंच! तोच, आपल्या बांधावरून दिसतो तो. मी बोट दाखवलं. बापूसने मान हलवली, त्याला आधीच दिसला होता.

तू म्हणालास ते सगळं खरं आहे. इंजिन धडधडतं, चमचे आपोआप वाजतात, काजळी पडते. इथे दोन खुर्च्या आहेत. एकीवर तो बसलाय, मांडीवर ते गाठोडं. त्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट आहे, सान्तानकाकांना वास आला, ते पण एकदम घरच्यासारखे हसले. मला भूक लागली आहे पण तो सोडू देत नाही.

दुसऱ्या खुर्चीवर पण बसू देत नाही. मी बसायला गेले तर म्हणाला, "ती राहू दे." म्हणून मी दाराच्या पट्टीवर बसून लिहितेय. त्या खुर्चीवर काजळी पडते, तो टोपीने पुसतो. परत पडते, परत पुसतो. टोपी काळी झाली आहे.

दोर सुटून किती वेळ झाला. वर ये.

गोदू